तयारी कुणाची नाही?

गेल्या हिवाळ्यात हैदराबादला एका परिसंवादात जाऊन बसलो. मी शेतीतज्ज्ञ नव्हे. एका मित्राचा आग्रह मोडवेना म्हणून मागच्या रांगेत जागा धरली, इतकंच. पडद्यावर उपग्रहाने टिपलेली शेतं हिरव्या-पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांत झळकत होती. व्यासपीठावरचे विद्वान सांगत होते, यंत्रं तयार आहेत, शास्त्र तयार आहे, फक्त शेतकऱ्याची मानसिकता तयार नाही! सभागृहातल्या माना डोलल्या. मला मात्र राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

'काटेकोर शेती' हा शब्द मला आवडतो. पाणी, खत, औषध जिथे हवं तिथे, हवं तेवढंच. याला नको म्हणणारा शेतकरी वेडाच म्हणायला हवा. पण तो खरंच नको म्हणतो का?

त्याच हैदराबादच्या वेशीवर, पाटनचेरूला, 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. तिने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने २०१६ च्या जूनमध्ये कर्नूल जिल्ह्यातल्या देवनकोंडा मंडलात एक प्रयोग केला. १७५ भुईमूग उत्पादकांना पेरणी कधी करायची ते तेलुगूतून एसेमेसने कळवायचं, बस्स. शेतात खांब नाही, सेन्सर नाही, पदरचा पैसा नाही. साधा मोबाईल पुरला. संस्थेने नंतर सांगितलं की उत्पादन सरासरी तीस टक्क्यांनी वाढलं. पुढच्या वर्षी आंध्र-कर्नाटकातल्या तीनेक हजार शेतकऱ्यांपर्यंत हे संदेश गेले. आता पेरणीची तारीख ही कोरडवाहू शेतकऱ्याची सगळ्यात मोठी पैज असते. चुकली तर बियाणं मातीत जातं आणि दुसऱ्या पेरणीला सावकार गाठावा लागतो. ती पैज त्यांनी मोबाईलवर आलेल्या एका निरोपावर लावली. याहून मोठी तयारी ती कोणती?

आपल्याकडचं बघा. जळगावच्या केळीवाल्याला ठिबकाचं महत्त्व पटवायला मानसशास्त्रज्ञ गेले नव्हते. पाणी वाचतं, घड भरतो, हे शेजाऱ्याच्या बांधावरून दिसलं, की नळ्या आपोआप पसरतात (अनुदानाचा हातभार होताच, नाही कशाला म्हणा). आणि अकोला जिल्ह्यातलं अकोली जहांगीर आठवतंय? २०१९ च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेच्या लोकांनी तिथे तणनाशक सहन करणारं, सरकारी मान्यता नसलेलं कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं. पाच वर्षांची कैद आणि लाखाचा दंड होऊ शकतो हे माहीत असून! ते बियाणं चांगलं की वाईट यावर भांडायचं तर खुशाल भांडा. पण तंत्रज्ञानासाठी तुरुंगात जायला निघालेल्या माणसाला 'मानसिकता नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर. एवढ्या तुकड्यावर ड्रोन घेऊन तो काय करणार? २०२३ च्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत एका ड्रोनला ऐंशी टक्के, म्हणजे आठ लाखांपर्यंत मदत ठेवावी लागली, यावरूनच किमतीचा अंदाज यावा. आणि सल्ला चुकला तर? ज्याने ॲप बनवलं त्याचा पगार थांबत नाही. पीक बुडतं ते एकाचंच.

त्याहून मोठी गोम जमिनीच्या कागदात आहे. तेलंगणात २०१८ साली रयतु बंधू योजना आली, एकरी चार हजार रुपये दर हंगामाला. पैसे मिळाले जमीनमालकाला; खंडाने जमीन कसणारा बाहेर. त्याआधी, २०११ मध्ये, एकत्रित आंध्रात अशा कसणाऱ्यांना कर्जासाठी कार्डं देण्याचा कायदा झाला होता. म्हणजे ही माणसं आहेत हे सरकारला ठाऊक होतं! ज्याला पुढच्या वर्षी हीच जमीन मिळेल याची खात्री नाही, तो तिच्यात ओलावा मोजायचं यंत्र पुरून ठेवील?

आम्हा गोवेकरांना हे नवं नाही. आमच्या खाजन शेतीइतकं काटेकोर दुसरं काय होतं? भरती-ओहोटीचं गणित, मानशीच्या दारातून किती पाणी आत घ्यायचं आणि किती सोडायचं, खारं सोसणारा कोरगुट भात कुठे लावायचा. हे सगळं गावकारीच्या जबाबदारीवर चालायचं. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला न्याय दिला, तो द्यायलाच हवा होता. पण बांधांची जबाबदारी नव्या संघांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी कुणाचीच उरली नाही. बांध फुटले, खारं पाणी शिरलं. अडाण्यांना तंत्र कळेना म्हणून नव्हे. तंत्र त्यांचंच होतं.

चहाच्या वेळी मी त्या विद्वान गृहस्थांना गाठलं. माणूस सज्जन होता. विचारलं, तुमच्या पाहणीतल्या शेतकऱ्यांत खंडाने कसणारे किती होते? ते क्षणभर थांबले. म्हणाले, "नावं आम्ही जमिनीच्या नोंदींवरून घेतली होती. त्यांची नावं तिथे नसतात ना!"