बाकुचिओल म्हणजे बावचीचं तेल नव्हे! चेहऱ्याला लावण्याआधी हा फरक समजून घ्या

सीरमच्या जाहिरातींत सध्या 'बाकुचिओल'चा बोलबाला आहे. सुरकुत्या आणि डागांवरच्या रेटिनॉलला हा वनस्पतिजन्य पर्याय, असं सांगितलं जातं. तो बावचीच्या बियांपासून मिळतो. मग महागडं सीरम कशाला, बावचीचं तेलच लावू, असं वाटणं साहजिक आहे. पण ही काटकसर अंगाशी येऊ शकते.

बावचीत बाकुचिओलसोबत सोरालेन नावाचं रसायनही असतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांचा त्वचेवरचा परिणाम वाढवतं. कोडावरच्या उपचारात डॉक्टर याच गुणाचा उपयोग करतात, पण औषध आणि किरण दोन्ही मोजून देतात. तेल चोपडून भर दुपारी दुचाकीवर निघालात तर मोजणार कोण? त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहू शकतात. म्हणजे डाग घालवायला गेलो आणि डागच पदरात! सीरमसाठीचं बाकुचिओल मात्र शुद्ध करून, सोरालेन वेगळं काढून वापरतात.

बाय द वे, हा परदेशी शोध नाही. बाकुचिओल बावचीतून वेगळं केल्याचं १९६६ मध्ये जाहीर केलं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. सुख देव आणि सहकाऱ्यांनी.

फायदा खरंच होतो का? 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटोलॉजी'तल्या एका चाचणीत ४४ जणांनी १२ आठवडे ०.५ टक्के बाकुचिओल किंवा तितकंच रेटिनॉल लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हींत सारखेच कमी झाले. साल निघणं, चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त जाणवलं. आकडे आशादायक आहेत, पण माणसं फक्त ४४. शिवाय बाकुचिओल दिवसातून दोनदा लावलं होतं, रेटिनॉल एकदाच. एवढ्यावर 'रेटिनॉलइतकंच प्रभावी' असं ठामपणे म्हणणं मला घाईचं वाटतं.

'गरोदरपणातही सुरक्षित' हा दावा तर आणखी कच्चा आहे. गरोदरपणात रेटिनॉल टाळायला सांगतात, हे खरं. पण त्यावरून बाकुचिओल सुरक्षित ठरत नाही. आधी डॉक्टरांना विचारा.

बाकुचिओलचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. त्यामुळे आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस पाहा. आणि बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'बाकुचिओल' असं हवं. 'सोरालिया कोरिलिफोलिया सीड ऑइल' असेल, तर ते बावचीचं तेल आहे.