बालमन हे कुणाचे मिशनक्षेत्र नव्हे

इ.स. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. तो जाणता होता. त्याचा निर्णय त्याचा होता. परंतु त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला होता, आणि तो होता अवघ्या बारा वर्षांच्या आसपासचा. पित्याने न्यायालयात धाव घेतली आणि इंग्रजांच्याच न्यायालयाने मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. पुढे त्या मुलाला स्वधर्मात परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले व त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. हेच नारायण शेषाद्री कालांतराने मराठवाड्यात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. मुलाच्या श्रद्धेवर अधिकार कुणाचा, हा प्रश्न आपल्या दाराशी तेव्हापासून उभा आहे.

१८४४ साली इंग्लंडमधील रविवारच्या शाळांतील मुलांनी पै-पै जमवून सहा हजारांहून अधिक पौंड उभे केले आणि त्यातून लंडन मिशनरी सोसायटीसाठी ‘जॉन विल्यम्स’ नावाचे जहाज पाण्यात उतरले. मूल हे धर्मप्रसाराचे क्षेत्रही आहे आणि साधनही, ही कल्पना इतकी जुनी आहे. आज तिला शास्त्रशुद्ध रूप आले आहे. ‘१०/४० खिडकी’ ही संकल्पना प्रसृत करणाऱ्या लुईस बुश यांनीच २००९ पासून ‘४/१४ खिडकी’चा पुरस्कार केला. पहिली खिडकी भूगोलाची होती. दुसरी आहे वयाची, चार ते चौदा वर्षांची! या वयात पडलेला ठसा आयुष्यभर टिकतो, म्हणून या मुलांना गाठा आणि त्यांनाच पुढे प्रसाराचे वाहक बनवा, असे हे सूत्र आहे. अमेरिकेतील एक प्रसिद्ध संस्था नाताळात जगभरच्या मुलांना भेटवस्तूंची खोकी पाठविते. पुष्कळ ठिकाणी त्यामागोमाग बारा पाठांचा धर्मशिक्षणवर्ग येतो, आणि शिकलेले मित्रांना सांगण्याची शिकवणही त्यात असते. यात गुप्त असे काही नाही, सारे उघड छापलेले आहे. ते वाचण्याची तसदी आपण घेत नाही, एवढेच.

यावर कुणी म्हणेल, सेवेला नावे ठेवू नका. सेवेला नावे कोण ठेवतो? पंडिता रमाबाईंनी निराधार विधवांना दिलेला आधार खोटा नव्हता. तरीही शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो आहे असे दिसताच १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. हे दोघे काही कर्मठ नव्हते, सुधारकांचे अग्रणी होते. पालकांनी ज्या विश्वासाने मूल सोपविले, त्या विश्वासाला तडा जाता कामा नये, एवढेच त्यांना कळत होते.

राज्यघटनेचे कलम २८(३) तेच सांगते. शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. आणि हा दंडक आम्हालाही लागू आहे. आमचा संस्कारवर्गही आई-वडिलांना ठाऊक असूनच चालला पाहिजे. तसेच, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आणि संघटनेत आहे, हिंसेत कदापि नाही. १९९९ मध्ये ओडिशात स्टेन्स यांच्यासमवेत त्यांची दोन कोवळी मुले जाळली गेली. तो अधर्मच होता.

आता आपल्या अंगणात पाहू. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यातच परततात. मूल सोबत न्यावे तर शाळा सुटते, मागे ठेवावे तर सांभाळणार कोण? अशा वेळी जो कुणी दोन घास आणि अंथरूण देईल, त्याच्या हाती आई डोळे मिटून लेकरू देते. ती त्याचा धर्म विचारत बसत नाही, आणि तिने तो का विचारावा? दोष तिचा नाही. तिच्या लेकरासाठी ज्या समाजाने घर उघडले नाही, त्याचा आहे.

आपण ते करू शकत नाही असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, तर जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभे केले. भूकंप आला तेव्हा समाज जागा झाला. स्थलांतर तर दरवर्षी येते!

म्हणून सुजाण पालकांनी वसतिगृहात, शिकवणीत, सुट्टीच्या शिबिरात आपल्या मुलाला काय शिकविले जाते ते जाऊन पाहावे, विचारावे. कार्यकर्त्यांनी तक्रारीचे कागद रंगविण्याआधी आपल्या तालुक्यात हंगामापुरते एक तरी वसतिगृह उभे करावे. नांदेड ही गुरू गोविंदसिंहांची अखेरची भूमी. त्यांच्या दोन धाकट्या पुत्रांनी सरहिंदला प्राण दिले, पण धर्म सोडला नाही. तेवढे धैर्य प्रत्येक लेकराकडून मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याच्यावर ती वेळच येऊ नये, हे पाहणे मात्र आपले कर्तव्य आहे.