पडद्यावरचे अकरा लाख

दिवाळी अंकात काहीतरी गोड लिहावे, असा या सदराचा शिरस्ता आहे. यंदा मात्र थोडे कडू लिहिणार आहे. फराळाला बसण्यापूर्वी कारीट फोडतात ना, तसेच हे वाचकांनी समजावे.

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब गारगोटीला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. दादा चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. परसात दोन म्हशी. दुधाचा सगळा व्यवहार वहिनींकडे. पूर्वी दादांच्या हाती सदैव वर्तमानपत्र असे, आता मोबाइल होता.

पाडव्याच्या रात्री त्यांनी मला माडीवर बोलावले आणि दार लोटून घेतले.

"तुझ्याकडे दोन लाख दहा हजार होतील का? आठ दिवसांपुरते. हिला कळता कामा नये."

ज्या माणसाने जन्मात कुणाकडे पाच रुपये उसने मागितले नाहीत, त्याच्या तोंडचे हे शब्द ऐकून मी चरकलोच. मग हळूहळू हकीकत बाहेर आली. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी त्यांना मोबाइलवरच्या एका गटात घेतले. तिथले 'सल्लागार' रोज नमस्कार करीत, गुडघेदुखीची चौकशी करीत. बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीत पैसा कसा वाढतो, हे समजावून सांगत. दादांनी प्रथम दहा हजार गुंतवले. आठवड्यात बाराशे रुपये नफा खरोखरच बँकेत जमा झाला. त्या बाराशेंनीच घात केला. निवृत्तीच्या पैशांतून, थोडेथोडे करीत, चार लाख गेले. पुतणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेले ते पैसे.

दादांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत शिल्लक होती : अकरा लाख!

"काढायचे म्हटले, तर नफ्यावरचा तीस टक्के सरकारी कर आधी भरा म्हणतात. सात लाखांवर दोन लाख दहा हजार."

गणित बिनचूक होते. शिवाय ३० टक्क्यांची गोष्टही खोटी नव्हती. असल्या आभासी चलनाच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे तेवढा कर आहेच. थापेत खऱ्याचा खडा असला, की ती लवकर पचते. खरे सांगतो, मीही भुललो. दादांचे अकरा होतात, तर आपलेही चार टाकून पाहावेत, असा विचार माझ्या मनात डोकावून गेला!

इतक्यात दुधाचे पेले घेऊन वहिनी आत आल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी पेले खाली ठेवले आणि सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या,

"भावजी, डेअरीत धा दिवसांनी बिल निघतंय. पेंडंचं पैसं, उचल, समदं कापून घेत्यात आन उरल्यालं देत्यात. आदी पेंडंचं पैसं भरा, मग बिल देतो, असं आजवर कुनी म्हटलं न्हाई. अकरा लाख तुमचंच हाईत न्हवं? मग त्यातनंच कापा म्हनावं की!"

दादांनी तसेच लिहून पाठवले. उत्तर आले : नियमात बसत नाही. पाठोपाठ धमकी : रात्री बारापर्यंत पैसे न भरल्यास खाते गोठवू. दादांनी मोबाइल पालथा ठेवला. अकरा लाख नव्हतेच. होता तो नुसता आकडा.

कायदाही वहिनींच्याच बाजूचा आहे. विक्रीच्या रकमेवर १ टक्का कर १ जुलै २०२२ पासून कापला जातो, तोही रकमेतूनच. बाकीचा कर आपण आपल्या विवरणपत्राबरोबर सरकारकडे भरायचा. तो कुणा तिऱ्हाइताच्या खात्यात कधीच जात नाही. मार्च २०२३ पासून असे व्यवहार करणाऱ्या संस्थांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. ती आहे की नाही, हे आधी पाहावे. मात्र नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नव्हे.

हा मोह काही नवा नाही. 'गेनबिटकॉइन'वाल्यांनी दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, देण्याचे कबूल केले होते. पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेले 'एमकॅप' नावाचे नाणे लोकांच्या हाती ठेवले. पुण्यात गुन्हे दाखल झाले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज २०१८ मध्ये पकडला गेला आणि २०२२ मध्ये वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. त्यांचे घरचे नाणे काय आणि दादांच्या पडद्यावरचे अकरा लाख काय, जात एकच. जे बँकेच्या पासबुकात उतरत नाही, ते आपले नव्हे.

त्याच रात्री आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. बँक उघडताच दादा आणि मी तिथे जाऊन उभे राहिलो. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसा वाटेतच अडवण्याची आशा अधिक. दादांचे शेवटचे पन्नास हजार दोनच दिवसांपूर्वी गेले होते. त्यांतले अठरा हजार अडले आणि काही महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले ते गेले.

पैशांपेक्षा दादांना लाज अधिक जाळत होती. "गणिताचा मास्तर मी, आणि..." म्हणून ते थांबत. वहिनींचे दुःख निराळे होते. "तीन म्हैनं एकट्यानं सोसलंसा," त्या म्हणाल्या, "मला सांगितलं असतं, तर येवढं गेलं नसतं." 'घरी सांगू नका' असे सल्लागारांनी दादांना पहिल्याच आठवड्यात बजावले होते. वाचकहो, पैसा वाढवून देणाऱ्याने हे तीन शब्द उच्चारले, की तिथेच उठावे. आणि घरच्यांनीही असे वागावे, की सांगणाऱ्याला भीती वाटू नये.

पुढे एकाचा दूरध्वनी आला. बुडालेले पैसे सोडवून देतो, दहा हजार फी आधी भरा म्हणे. दादा शांतपणे म्हणाले, "अवश्य सोडवा. फी त्यातूनच कापून घ्या." पलीकडून फोन बंद झाला. बऱ्याच दिवसांनी दादा मोकळेपणी हसले.

यंदा डेअरीचा दिवाळीचा दरफरक वहिनींच्या खात्यावर जमा झाला. कुणी काही आधी भरून घेतले नाही. त्यातूनच पुतणीच्या फीचा पहिला हप्ता गेला.