ओबामांचे पहिले वर्ष : बँकेला हमी, कर्जदाराला अर्ज

राज्यकर्त्याची परीक्षा शंभर दिवसांत उरकून टाकायची, ही अमेरिकेतील प्रसारमाध्यमांची जुनी खोड आहे. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पहिल्या शंभर दिवसांत कायद्यांचा धडाका लावला, तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला तीच फूटपट्टी लावली जाते. बराक ओबामा यांनाही ती लावली गेली. २० जानेवारी २००९ रोजी त्यांनी शपथ घेतली. १९ जानेवारी २०१० रोजी, म्हणजे वर्ष पुरे व्हायला एक दिवस उरला असताना, मॅसॅच्युसेट्ससारख्या हक्काच्या राज्यात त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने सिनेटची जागा गमावली. झाले! कालपर्यंत ज्यांनी त्यांना मुक्तिदाता ठरवले होते, त्यांच्यापैकीच अनेकांनी त्यांना नापास करून टाकले.

१९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव ज्या समाजाच्या लढ्यातून उचलले, त्या समाजाचा माणूस व्हाइट हाऊसमध्ये गेला. त्याचे अप्रूप चळवळीतल्या माणसाला वाटणारच. परंतु अप्रूप हा निकष नव्हे आणि निराशा हाही नव्हे. आम्ही वकिली करणारी माणसे, आम्हाला भाषणापेक्षा मसुदा वाचायची सवय. कायद्याच्या मसुद्यात दोन क्रियापदे असतात. एक 'करील' आणि दुसरे 'करता येईल'. पहिल्यात बंधन असते, दुसऱ्यात मर्जी. ओबामांच्या पहिल्या वर्षाचे मूल्यमापन आम्ही याच दोन शब्दांवर करतो. त्यांच्या कारभारात 'करील' कोणाच्या वाट्याला आले आणि 'करता येईल' कोणाच्या?

आधी जे न्याय्य आहे ते सांगितले पाहिजे. ओबामांच्या हाती आलेले घर आधीच पेटलेले होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स बुडाली. बँकांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरचा कायदा ऑक्टोबर २००८ मध्ये झाला, त्यावर सही धाकट्या बुश यांची आहे. ओबामांनी शपथ घेतली त्या एका जानेवारी महिन्यात सात लाखांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. महिना पुरा होण्याच्या आत, १७ फेब्रुवारीला, ७८७ अब्ज डॉलरचा पुनरुज्जीवन कायदा त्यांनी अमलात आणला. प्रतिनिधीगृहात एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याला मत दिले नाही, सिनेटमध्ये तिघांनी दिले. त्या पैशातून राज्यांच्या आरोग्य योजना तगल्या, शिक्षकांचे पगार झाले, बेकारभत्ता लांबला. वर्षअखेरीस नोकऱ्या जाण्याचा लोंढा बराचसा ओसरला. रक्कम अपुरी होती आणि तिचा तिसरा हिस्सा करसवलतींत गेला, ही टीका खरी आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे त्यांच्या सल्लागारांनी जानेवारीतच अहवाल काढून, हा कायदा झाला तर बेकारी ८ टक्क्यांच्या वर जाणार नाही, असा हिशेब मांडून ठेवला. ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्क्यांवर गेली. विरोधकांना आयते कोलीत मिळाले. तरीही एवढ्यावरून कोणी ओबामांना नापास करीत असेल तर आम्ही त्याच्याशी सहमत नाही.

आमचा आक्षेप पुढे सुरू होतो.

अर्थमंत्रिपदी त्यांनी टिमथी गाइटनर यांना बसवले, जे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख होते. वॉल स्ट्रीट ज्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली तेच हे गृहस्थ. आर्थिक सल्लागार म्हणून लॅरी समर्स आले. बँका आणि सट्टा यांच्यातली जुनी भिंत १९९९ साली पाडली गेली, त्या काळात क्लिंटन यांचे अर्थमंत्री हेच होते. मार्च २००९ मध्ये एआयजी या विमा कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांना १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले. ही कंपनी तेव्हा जवळजवळ ८० टक्के सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीची होती. बोनस मिळाले ते नेमके त्या विभागाला, ज्याने कंपनी बुडवली. देशभर संताप उसळला. तेव्हा समर्स यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की हा कायद्याचा देश आहे, करार झालेले आहेत आणि सरकारला ते असे मोडता येत नाहीत.

करार पवित्र असतो, हे वकील म्हणून आम्हाला मान्य आहे. पण त्याच काही महिन्यांत क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या कंपन्यांना मदत देताना ओबामांच्याच प्रशासनाने कामगारांचे करार पुन्हा उघडायला लावले. महागाईनुसार मिळणारी वाढ गेली. निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीला कंपनी जे अब्जावधी डॉलर देणे लागत होती, त्याचा मोठा भाग रोख न देता शेअरच्या रूपात दिला गेला. कंपन्या वाचल्या, लाखो रोजगार वाचले, हे खरे. तरी प्रश्न उरतोच. टाय लावणाऱ्याचा करार दगडावरची रेघ आणि पाना धरणाऱ्याचा करार पाण्यावरची, हे कोणत्या कायद्यात बसते?

आता त्या वर्षातला सर्वांत बोलका प्रसंग. आपल्याकडे त्याची चर्चा फार थोडी झाली. अमेरिकेत कर्जात बुडालेल्या माणसाला नादारीच्या न्यायालयात जाता येते. तेथील न्यायाधीश त्याची कर्जे वास्तव किमतीपर्यंत खाली आणू शकतो. श्रीमंताचा समुद्रकिनाऱ्यावरचा दुसरा बंगला असेल तर त्यावरचे गहाण कर्ज न्यायाधीशाला कमी करता येते. भाड्याने दिलेली इमारत असेल तर तिचेही येते. परंतु माणूस स्वतः ज्या घरात राहतो, त्या एकमेव राहत्या घरावरचे कर्ज मात्र न्यायाधीशाने हात लावायचा नाही, अशी तरतूद १९७८ च्या कायद्यापासून आहे. गरिबाचे एकच घर असते, म्हणजे ही बंदी कोणासाठी आहे हे वेगळे सांगायला नको.

ही तरतूद बदलू, असे ओबामांनी प्रचारात सांगितले होते. नुसते सांगितलेच नव्हते. जानेवारी २००९ मध्ये बँकांच्या मदतीचा दुसरा ३५० अब्ज डॉलरचा हप्ता काँग्रेसकडून सुटावा म्हणून समर्स यांनी काँग्रेसच्या नेत्यांना पत्र लिहिले, त्यात घरे वाचवण्यासाठी ५० ते १०० अब्ज डॉलर आणि नादारी कायद्यात सुधारणा अशी लेखी ग्वाही होती. हप्ता सुटला. मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने सुधारणाही मंजूर केली. मग ३० एप्रिल २००९ रोजी सिनेटमध्ये डिक डर्बिन यांनी ती मांडली आणि ती ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडली. विरोधात मत देणाऱ्यांत ओबामांच्या स्वतःच्या पक्षाचे १२ सिनेटर होते. मतदानाच्या आदल्या दिवसांत डर्बिन यांनीच रेडिओवर बोलून टाकले होते की या सभागृहाचे मालक बँका आहेत.

राष्ट्राध्यक्ष सिनेटमध्ये मत टाकत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या हप्त्याच्या बदल्यात शब्द दिला तो हप्ता आधी सोडून द्यायचा आणि शब्दाचे मतदान नंतर वाऱ्यावर सोडायचे, याला डावपेच म्हणत नाहीत. बँकांच्या तिजोरीची किल्ली हातात असताना अट घातली असती तर त्या १२ जणांपैकी किती जण टिकले असते? त्या मतदानासाठी व्हाइट हाऊसने आपले वजन खर्ची घातल्याचे कुठे दिसले नाही.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर घरमालकाच्या हाती उरली ती फक्त सरकारी योजना. फेब्रुवारीत जाहीर झालेल्या या योजनेत ३० ते ४० लाख कुटुंबांचे हप्ते कमी करून घरे वाचवण्याचे उद्दिष्ट होते. पण कर्ज सुधारायचे की नाही, हे ठरवणार कोण? तर ज्या कंपन्या हप्ते गोळा करतात त्याच. त्यांना योजनेत यायचीही सक्ती नव्हती. जप्ती रेटण्यातच पुष्कळदा त्यांचा फायदा होता. लोक कागदपत्रे पाठवत राहिले, कंपन्या ती हरवत राहिल्या, पुन्हा मागवत राहिल्या. २००९ संपताना ज्यांचे कर्ज कायमस्वरूपी कमी झाले अशी कुटुंबे एक लाखही नव्हती. सावकाराच्याच ओसरीवर कर्जमाफीचा अर्ज ठेवला तर दुसरे काय होणार! बँकेसाठी 'करील', कर्जदारासाठी 'करता येईल' म्हणतात ते हेच.

आणि हे कर्जदार कोण होते? प्यू संशोधन केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, २००५ ते २००९ या काळात मधल्या स्तरातील कृष्णवर्णीय कुटुंबाची मालमत्ता १२,१२४ डॉलरवरून ५,६७७ डॉलरवर आली. गोऱ्या कुटुंबाची २००९ मधली मालमत्ता १,१३,१४९ डॉलर होती. अंदाजे वीस पट. कृष्णवर्णीयांची बहुतेक पुंजी घरात अडकलेली असते, शेअर बाजारात नव्हे. त्यांच्या गळ्यात महाग कर्जे मुद्दाम बांधली गेल्याचा आरोप ओबामांच्याच न्याय विभागाने पुढे ठेवला. कंट्रीवाइड कंपनीच्या प्रकरणात २०११ मध्ये ३३.५ कोटी आणि वेल्स फार्गोच्या प्रकरणात २०१२ मध्ये १७.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोपर्यंत घरे गेलेली होती. २०१० च्या वसंतात कृष्णवर्णीयांमधील बेकारी १६ टक्क्यांच्या वर होती. आपला माणूस सत्तेवर असताना आपल्या माणसांचे असे का झाले, हा प्रश्न त्वचेच्या रंगाचा नाही. मसुदा कोणी लिहिला, याचा आहे.

आरोग्याच्या बाबतीत चित्र इतके एकरंगी नाही. ४ फेब्रुवारी २००९ रोजीच ओबामांनी मुलांच्या आरोग्य विम्याचा विस्तार करणाऱ्या कायद्यावर सही केली. बुश यांनी २००७ मध्ये अशा विधेयकावर दोनदा नकाराधिकार वापरला होता. मोठ्या सुधारणेचा मार्ग मात्र त्यांनी सुरुवातीलाच अरुंद केला. मे २००९ मध्ये सिनेटच्या वित्त समितीत सर्वांसाठी एकच सरकारी विमा मागणाऱ्या प्रतिनिधीला साक्षीलासुद्धा बोलावले नाही. उभे राहून विचारणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि कार्यकर्त्यांना अटक झाली. त्याच सुमारास औषध कंपन्यांशी मात्र बोलणी चालू होती. दहा वर्षांत ८० अब्ज डॉलर सोडण्याच्या बदल्यात, ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेने औषधांच्या किमतींवर घासाघीस करू नये, हे कंपन्यांनी पदरात पाडून घेतले. तो अधिकार मिळायला पुढे २०२२ उजाडावे लागले, तोही मोजक्या औषधांपुरता. सरकारी विम्याचा पर्याय डिसेंबरमध्ये जो लीबरमन यांच्या एका मतासाठी गाळला गेला.

आणि तरीही २३ मार्च २०१० रोजी कायदा झाला. आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारता येणार नाही, आजारी माणसाकडून जास्त हप्ता घेता येणार नाही, असे त्यात बंधनकारक शब्दांत लिहिले गेले. येथे 'करील' सामान्य माणसाच्या बाजूने होते. त्याचा परिणाम पाहा. २०१० मध्ये १६ टक्के अमेरिकन विम्याविना होते, २०१६ मध्ये ९ टक्के. २०१७ मध्ये ट्रम्प आणि दोन्ही सभागृहांतले बहुमत असूनही रिपब्लिकन पक्षाला हा कायदा मोडता आला नाही, कारण लोकांच्या हातात आलेला हक्क परत मागायला सिनेटमध्ये एक मत कमी पडले. पहिल्या वर्षअखेरीस ज्यांनी ओबामांना आरोग्याच्या विषयात निकालात काढले, त्यांनी घाई केली होती.

पण याच कायद्यातले दुसरे कलम पाहा. दारिद्र्यरेषेखालील आणि तिच्या किंचित वरच्या सर्व प्रौढांना मेडिकेडमध्ये घ्यायचे, हे राज्यांवर बंधन होते. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन काढून मर्जी ठेवली. 'करील'चे 'करता येईल' झाले. २०२५ पर्यंतही १० राज्यांनी हा विस्तार स्वीकारलेला नव्हता. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना ही त्यातली. गुलामीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना ही नावे नवी नाहीत. शिवाय मसुदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते की गरिबातला गरीब मेडिकेडमध्ये जाणारच, म्हणून खासगी विम्यासाठीचे अनुदान त्यांनी दारिद्र्यरेषेपासून वरच्यांनाच ठेवले. त्यामुळे मिसिसिपीत मोलमजुरी करणाऱ्या, मुलेबाळे नसलेल्या माणसाचे उत्पन्न त्या रेषेच्या वर गेले तर त्याला विम्यासाठी सरकारी मदत मिळते, आणि रेषेखाली राहिले तर तो मेडिकेडमध्येही बसत नाही आणि अनुदानालाही पात्र ठरत नाही.