एका गदेपलीकडचा फड

‘फड’ हा शब्द मराठीत तमाशाला आहे, उसाला आहे आणि कुस्तीलाही आहे. तिन्ही ठिकाणी त्यात समुदायाचा अर्थ आहे. तमाशाच्या फडाचा कस एकट्या सोंगाड्यावरून किंवा एकट्या नर्तकीवरून ठरवू नये, ढोलकीवाल्यापासून सुरत्यापर्यंत सगळा संच पाहावा, हे लोकसाहित्याच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. कुस्तीच्या फडाचे मूल्यमापन करताना मात्र आपण सारेच, म्हणजे प्रेक्षक, वर्तमानपत्रे आणि कुस्तीच्या संघटनाही, एकाच माणसाकडे पाहतो. त्याच्या खांद्यावर गदा असते. महाराष्ट्राच्या कुस्तीला गुणवंतांचा तुटवडा पडला आहे, अशी तक्रार वारंवार कानावर येते. आमच्या मते फडात गुणवंत पुष्कळ आहेत. ते मोजण्याची आपली पद्धत तोकडी आहे.

हा विषय वाङ्मयीन चर्चेच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणी विचारील. दोन कारणे आहेत. डाव, पेच, शड्डू, सलामी, चीतपट, खडाखडी हे शब्द आपण समीक्षेत आणि राजकीय लेखनात सर्रास वापरतो, पण ते ज्या मातीतून आले तिच्याकडे क्वचितच पाहतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एखाद्या परंपरेत कोण मोठा आणि कोण दुय्यम हे कोणत्या निकषांवर ठरते, हा समीक्षेचाच प्रश्न आहे.

आम्ही ज्या उंब्रज परिसरात अध्यापन करतो तेथून कराड वीसेक किलोमीटरवर आहे आणि कराडला लागूनच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचे गाव. या पट्ट्यात गावची यात्रा आणि कुस्त्यांचे मैदान यांची सांगड जुनी आहे. मैदानात पंचमंडळी दोन पैलवानांना शेजारी उभे करतात. उंची, मान, खांदे, मांड्या न्याहाळतात. वस्ताद कोण, तालीम कोणती हे विचारतात आणि मग जोड लावतात. जोड लावणे ही एक प्रकारची समीक्षाच होय. तीत चूक झाली तर एक तर कुस्ती क्षणात संपते, नाही तर दोघे अर्धा तास हातात हात देऊन उभे राहतात, आणि लोक पंचांना बोल लावतात. नारळावर लढणाऱ्या पोरांपासून सुरू झालेले मैदान संध्याकाळी पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीवर संपते. त्या उतरंडीत प्रत्येक पायरीला स्वतःचे इनाम आणि स्वतःचे प्रेक्षक असतात. गावच्या फडाला हे समग्र भान उपजत आहे. राज्य पातळीवर पोहोचता पोहोचता ते हरवते.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि सांगलीच्या दिनकर दह्यारींनी पहिली गदा घेतली. स्पर्धेला माती आणि गादी असे दोन विभाग असतात, ५७ किलोपासून चढत जाणारे वजनगट असतात. पण गदा एकाच गटाची, ८६ ते १२५ किलोंच्या केसरी गटाची. बाकीच्या गटांतील विजेत्यांची नावे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शेवटच्या परिच्छेदात दिसतात; पुष्कळदा तीही नाहीत.

गेल्या काही वर्षांत ही एकुलती एक गदाही संकटात सापडली. २०२२च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात झालेल्या स्पर्धेत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विजेतेपद मिळवले. त्याला गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र मिळाले नाही, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली आणि पुढे नव्या कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. वाद न्यायालयात गेला. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये धाराशिवला एक आणि पुण्याजवळ फुलगावला एक अशा दोन स्पर्धा झाल्या व एकाच महिन्यात राज्याला दोन केसरी मिळाले: शिवराज राक्षे आणि सिकंदर शेख. २०२५ सालीही तेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके विजयी झाले. अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून राक्षेचा तोल गेला, त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्ती महेंद्र गायकवाडने अर्धवट सोडली. आणि दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. पंचावर पाय उगारणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. मात्र वर्षभराचा खुराक, कुटुंबाचे कर्ज, नोकरीची आशा आणि गावाची इभ्रत हे सारे एका लढतीतल्या एका निर्णयावर टांगलेले असेल तर काय होते, हेही त्या दिवशी दिसले.

आता प्रत्यक्ष फडाकडे वळू. वजनदार गटातील पिढी दुबळी आहे काय? पुण्यात २०२३च्या जानेवारीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला गुणांवर हरवले. टांग डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद झाला, पण निकाल कायम राहिला. त्याच स्पर्धेच्या अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटाच्या आत चीत केले. दहा महिन्यांनी फुलगावात सिकंदरने त्याच शिवराजला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. महेंद्र सिकंदरला भारी, शिवराज महेंद्रला भारी आणि सिकंदर शिवराजला भारी. हे वर्तुळ आहे, आणि वर्तुळात पहिला-दुसरा लावता येत नाही. महेंद्रची उंची व ताकद, शिवराजचा वेग व गादीवरची तयारी, सिकंदरची लाल मातीत मुरलेली डावांची झडप हे तीन वेगळे गुण आहेत. त्यांना एका रांगेत उभे करण्याच्या हट्टामुळे तिघांपैकी दोघे दर वर्षी ‘पडलेले’ ठरतात.

यात पृथ्वीराज पाटील धरावा. केसरी होण्याआधीच २०२१ साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत त्याने ९२ किलो गटात कांस्यपदक मिळवले होते. अभिजित कटके २०१७चा केसरी. २०२३ साली तो हिंद केसरी झाला. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघे काका पवारांच्या तालमीतले. २०२०च्या जानेवारीत तेच अंतिम कुस्तीत समोरासमोर आले. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. हे छायाचित्र तेव्हा खूप गाजले, पण त्यातला अर्थ लवकरच विसरला गेला. फरक एका गुणाचा होता, आणि तो किती लहान आहे हे जिंकणाऱ्याला बघणाऱ्यांपेक्षा नीट ठाऊक होते.

म्हणजे वरच्या फळीत चणचण नाही. तरीही आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. महाराष्ट्राच्या कुस्तीने जगाच्या पाठीवर जे कमावले ते बहुतांशी गदेच्या गटाबाहेरचे आहे.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून ते जाऊ शकले. आमच्या पेशातील मंडळींनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी. त्या गटाचे सुवर्ण घेतले जपानच्या शोहाची इशी याने. मूळचा हा ज्युदोपटू, आणि हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण.

येथून दोन वाटा फुटतात. जपानने इशीच्या पदकाचा अर्थ ओळखला. आपली माणसे अंगाने लहान असतील तर लहान वजनगट हेच आपले सामर्थ्य, हे त्यांनी धरले. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके मिळवली आणि पाचही सर्वांत हलक्या तीन वजनगटांतली होती. आपल्याकडे त्याच वजनाच्या माणसाने पदक आणल्यावर नऊ वर्षांनी राज्याचा सर्वोच्च किताब निर्माण झाला, आणि ज्या किताबाला खाशाबा वजनामुळेच पात्र ठरले नसते असा तो घडवला गेला. गोळेश्वरचा माणूस महाराष्ट्राच्या कुस्तीचा सर्वांत मोठा मानकरी. पण आज तो विशीत असता तर त्याच्या कुस्तीची बातमी शेवटच्या परिच्छेदात आली असती.

अलीकडचा हिशेबही वेगळा नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत संदीप तुलसी यादवने २०१३ साली ग्रीको-रोमन ६६ किलो गटात, नरसिंह यादवने २०१५ साली ७४ किलो गटात आणि पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ साली ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. यांपैकी नरसिंह तीनदा महाराष्ट्र केसरी झाला म्हणून घरोघरी पोचला. राहुलने २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्णही जिंकले, पण मानाची गदा त्याच्यासाठी नव्हतीच. मुलींची गदा तर २०२३च्या मार्चपर्यंत अस्तित्वातच नव्हती; सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती घेतली. बासष्ट वर्षे फडाचा अर्धा भाग मोजणीतच नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. लोक वजनदारांची कुस्ती पाहायला येतात, त्यांच्या नावावर वर्गणी जमते आणि त्या पैशातून लहान कुस्त्यांची इनामे निघतात. बड्या पैलवानाला बाजूला सारले तर मैदानच भरणार नाही. आम्ही त्याला बाजूला सारायला सांगत नाही. पण लोक फक्त आकाराला भुलतात, हे गृहीतक तपासावे लागेल. त्यासाठी जपानचेच आणखी एक उदाहरण घेऊ, आणि तेही जिथे सारा कारभार तिकीटविक्रीवर चालतो अशा क्षेत्रातले.

जपानी व्यावसायिक कुस्ती हा रंगमंचीय खेळ. तिचे निकाल आधी ठरलेले असतात. जायंट बाबाने १९७२ साली स्थापन केलेली ‘ऑल जपान’ ही तिथली एक मोठी कंपनी. बाबाच्या निधनानंतर दीड वर्षाच्या आत, २००० साली, मित्सुहारू मिसावा जवळजवळ सगळे जपानी मल्ल घेऊन बाहेर पडला आणि त्याने ‘नोआ’ काढली. मागे दोनच जपानी मल्ल उरले: तोशिआकी कावादा आणि मासानोबू फुची. कावादा पहिल्या फळीचा. फुची मात्र ४६ वर्षांचा, हलक्या वजनगटाचा जुना विजेता, मधल्या हलक्याफुलक्या लढतींत रमलेला. नाव मोजून पाहिले असते तर ही संस्था संपलीच होती. पण याच फुचीने प्रतिस्पर्धी ‘न्यू जपान’च्या रिंगणात जाऊन आव्हान दिले, प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि त्याच वर्षी दोन कंपन्यांमधल्या लढतींना टोकियो डोम लाभला. कंपनी तगली. हलक्या वजनाला वेगळा मुकुट देण्याची पद्धत तिथे आधीपासून होती, म्हणून प्रेक्षकांना फुची कोण हे माहीत होते. जो किताब अस्तित्वात असतो त्याचे मानकरी लोकांच्या लक्षात राहतात.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने १९४९ साली जे केले ते हेच होते. ज्यांच्या नावावर कुठलाही पराक्रम नाही अशी माणसे त्यांनी एकेक करून, पूर्ण मानाने, वाचकासमोर उभी केली. नवकथेने नायकाचे वजन कमी केले आणि त्यामुळे मराठी कथा दुबळी झाली नाही. आपली समीक्षाही मात्र गदेच्या मोहातून पूर्ण सुटलेली नाही. कादंबरी ती वजनदार, ललितलेख तो हलका. पारितोषिक मिळालेले पुस्तक अभ्यासक्रमात आणि त्याच्या तोडीचे दुसरे ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात. कुस्तीच्या संघटकांना उपदेश करताना हे आपल्याही ध्यानात असावे.

उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक वजनगटाच्या विजेत्याला गदा द्यावी. ती आकाराने लहान असली तरी चालेल, पण गदा असावी. अंतिम दिवशी केसरी गटाच्या कुस्तीआधी ५७ आणि ६१ किलोंच्या अंतिम कुस्त्या भर मैदानात लावाव्यात, सकाळच्या रिकाम्या वेळात उरकू नयेत. वर्तमानपत्रांनी सर्व गटांचे निकाल पैलवानाच्या आणि तालमीच्या नावासह छापावेत. दोन संघटनांनी एकत्र यावे हे तर उघडच आहे. पण त्या एकत्र येऊन पुन्हा एकच गदा पुढे करणार असतील तर २०२५ सालचा प्रसंग पुन्हा घडायला वेळ लागणार नाही.

आणि आम्ही शिक्षकांनी काय करावे? आमच्या वर्गांत पहाटे मेहनत करून येणारे, मागच्या बाकावर डुलक्या घेणारे, कान चुरगळलेले विद्यार्थी असतात. त्यांतले बहुतेक साठ-सत्तर किलोंचे असतात. ते कधीच महाराष्ट्र केसरी होणार नाहीत, हे त्यांना माहीत असते, आणि म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला त्यांची तालीम सुटते. त्या वयाच्या मुलाला गोळेश्वर इथून किती जवळ आहे आणि खाशाबांचे वजन किती होते, एवढे तरी वर्गात सांगितले गेले पाहिजे.