शब्द होडीचा नव्हे, सोबतीचा

श्रावणी पौर्णिमा ही आम्हां सागरतीरवासीयांची नारळी पौर्णिमा. आज मालवणच्या बंदरावर सालाबादप्रमाणे गर्दी लोटेल. प्रथम सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ सागरास अर्पण होईल आणि त्यामागून व्यापारी, दर्यावर्दी व घरोघरीची लेकुरवाळी मंडळी आपापला नारळ हाती घेऊन पाण्याकडे वळतील. १६६४ साली कुरटे बेटावर छत्रपतींनी ज्या दुर्गाचा पाया घातला, त्याच्या साक्षीने हा सोहळा होतो, हे आमचे भाग्यच होय. परंतु गेली काही वर्षे, नारळ वाहणाऱ्या हातांच्या मागे एक प्रश्न उभा असलेला आम्हांस दिसतो. कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावीत असता कोणी तरी हळूच विचारतो, “बुवा, एवढे वाहिले, तरी त्याने असे का करावे?”

हा प्रश्न उगाच उठलेला नाही. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळ कोकणच्या दर्यात मच्छीमारांवर कोसळले. २०१९ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘क्यार’ किनाऱ्यालगतून गेले व त्याच्या उधाणाने वस्त्यांत पाणी शिरविले. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ने रायगडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. २०२१ च्या १६ मे रोजी ‘तौक्ते’ आमच्याच दारावरून गेले. छपरे उडाली, होड्या फुटल्या, आंबा गळून पडला आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्यात महामारीचा तो काळ. शेजाऱ्याच्या मदतीस धावून जावयाचे तरी मनात भय. अरबी समुद्राचे पाणी तापत चालल्याने अशी प्रबळ वादळे वाढत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे हा प्रश्न पुन्हापुन्हा दारी येणार. त्यास उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांनी पिढ्यान्पिढ्या देवाचे नाव घेऊन लोकांस धीर दिला, त्या आम्हां कथेकऱ्यांवर प्रथम येते.

आज या प्रश्नाचा विचार आम्ही शेजारच्या अंगणातून करणार आहोत. ख्रिस्ती बांधव देवाच्या शब्दावर विसंबून क्लेश कसे सोसतात, ते पाहावयाचे आहे. सणाच्या पानावर हा विषय कशास, असे कोणी म्हणेल. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे कुलदेवता डोक्यावर घेऊन गोव्यातून बाहेर पडले. ती आठवण आम्ही पुसू इच्छीत नाही. परंतु सत्तेने केलेला जुलूम निराळा आणि शेजाऱ्याने मनोभावे केलेली प्रार्थना निराळी. या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. २००५ साली तर सिंधुदुर्ग हा त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मालवणच्या पाण्यात त्यांच्या होड्या आमच्या होड्यांशेजारीच नांगरलेल्या असतात. वादळ होडीवरचे नाव वाचून येत नाही.

तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो होतो. एका ख्रिस्ती वृद्धाची होडी दगडांवर आपटून दुभंगली होती. तो फळ्या वेगळ्या करीत बसला होता. जी उपयोगी पडेल ती उजवीकडे, जी जाळावयाची ती डावीकडे. आम्ही सांत्वनाचे चार शब्द काढू लागलो, तो तो म्हणाला, “बुवानू, देवान सबद दिल्यान तो व्हडयेचो नाय, वांगडा ऱ्हवाचो.” देवाने शब्द दिला तो होडीचा नव्हे, बरोबर राहण्याचा. एवढे बोलून त्याने पुढची फळी उचलली. शास्त्राध्ययनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्या वाक्यापुढे काही सुचले नाही.

घरी येऊन आम्ही त्यांचा ग्रंथ उघडला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या भागाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाच्या सागरप्रवासाची हकीकत आहे. दर्यावर्दी वाचकांनी ती अवश्य जाणून घ्यावी. पौल हा बंदी म्हणून रोमला नेला जात होता. तारवांचा हंगाम सरला होता. ‘सुंदर बंदर’ नावाच्या ठिकाणी त्याने सांगितले की, येथून पुढे गेल्यास तारू व माणसे दोहोंसही धोका आहे. अधिकाऱ्याने त्याचे न ऐकता तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले. मग ईशान्येचा तुफानी वारा सुटला. तारवावर दोनशे शहात्तर माणसे होती. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. तेव्हा पौलाने सर्वांस सांगितले की, देवदूताने आपणांस दर्शन दिले आहे. जीव एकाचाही जाणार नाही, तारू मात्र जाईल.

येथे लक्षात घ्यावे की, त्या वृद्धाचे वाक्य याच कथेचे सार आहे. वचन मिळाले ते प्राणांचे. लाकडाचे मिळाले नव्हते. आणि वचन मिळाल्यावर पौल स्वस्थ बसला काय? चौदाव्या रात्री खलाशांनी बुडीद टाकून पाहिले. वीस वाव पाणी निघाले, थोड्या अंतराने पंधरा वाव. तेव्हा वरामागून चार नांगर टाकण्यात आले. नांगर टाकण्याच्या मिषाने काही खलाशी लहान होडीतून पळू पाहत होते. पौलाने अधिकाऱ्यास बजावले की, ही माणसे तारवावर न राहिली तर तुमचा बचाव नाही. पहाटे त्याने सर्वांस आग्रहाने भाकर खावयास लावली. मग तारू हलके करण्यासाठी गहू समुद्रात टाकला गेला. अखेर तारू फुटले. कोणी पोहून, कोणी फळीवरून, सर्व जण मिलिता म्हणजे आजच्या माल्टा बेटाच्या किनाऱ्यास लागले.

आता ही कथा आजच्या परिस्थितीशी ताडून पाहू. हवामान खात्याने बावटा चढविला, बंदरात सूचना लागली, की तीन प्रकारची माणसे दिसतात. पहिला म्हणतो, “देव आपल्याला काही होऊ देणार नाही,” आणि होडी लोटतो. दुसरा म्हणतो, “देव वगैरे काही नाही, सारे यंत्र आहे.” तिसरा वादळ झाल्यावर बोलतो, तो म्हणतो, “हा पापाचा कोप.” तिघेही आपणांस मोठे शहाणे समजतात. परंतु पौलाच्या कथेत या तिघांसही जागा नाही. तेथे सूचना ही देवाच्या कृपेचाच भाग आहे. ती न मानणाऱ्यास वादळ चुकत नाही. नांगर हाही कृपेचाच भाग आहे, भाकरही आहे आणि जागेवर राहिलेला खलाशीही आहे. २०२१ च्या त्याच वादळात मुंबईपलीकडील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. नौदलाने दीडशेहून अधिकांस वाचविले, पण साठांहून अधिक जीव गेले. वादळाची सूचना असता ती माणसे तेथे का राहिली, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशाने विचारला. त्या मृत्यूंस केवळ दैव म्हणणे म्हणजे सुंदर बंदरातील त्या चुकीवर पांघरूण घालणे होय.

संस्कृताचा अभ्यासक म्हणून येथे एक भेद सांगितला पाहिजे. आमच्या पतंजलींनी क्लेश पाच सांगितले: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. त्यांचे मूळ आत आहे. ख्रिस्ती मराठीत ‘क्लेश’ हा शब्द बहुधा बाहेरून येणाऱ्या दुःखासाठी येतो: छळ, रोग, दुष्काळ, वियोग. आम्ही कर्मसिद्धान्त मानतो. ते ईश्वराची योजना मानतात. हे दोन्ही एकच, असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. तरीही दोघांच्या भक्तीत एक जागा अशी आहे की तेथे ओळख पटते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे वचन दिले आहे. आचार्य सांगतात की, न मिळालेले मिळविणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. पण जिने कृष्णाकडे विपत्तीच मागितल्या, ती भागवतातील कुंती या वचनाचा अर्थ आणखी खोल नेते. तिच्या मते राखण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे भगवंताचे सान्निध्य. राज्य गेले तरी क्षेम अभंग राहू शकते. मालवणच्या त्या वृद्धाने ‘वांगडा’ या एका शब्दात हेच सांगितले होते.

आता अवघड प्रश्न. पौलाच्या तारवावरील सर्व वाचले. पण जे वाचत नाहीत त्यांचे काय? येथे पंडिता रमाबाईंचे चरित्र डोळ्यांपुढे येते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृतज्ञ. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हे कुटुंब हिंडे. म्हणजे आमच्याच व्यवसायातले. १८७० च्या दशकातील दुष्काळात माता-पिता उपासमारीने गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण १८८० साली भाऊ गेला. विवाहास पुरती दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८२ साली पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात त्यावरून केवढे वादळ उठले, ते सर्वश्रुत आहे. १८९३ साली शारदासदनातून कित्येक मुली पालकांनी काढून नेल्या. तो वाद येथे आम्ही पुन्हा मांडीत नाही. आम्हांस त्यापुढचे पाहावयाचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आली. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. जिचे आईबाप दुष्काळाने नेले, तिने दुष्काळाच्या तोंडातून परक्यांची लेकरे ओढून काढली. हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या. त्यांना ‘का’ याचे उत्तर मिळाले की नाही, ते देव जाणे. पण ‘आता काय करावयाचे’ याचे उत्तर त्या रोज देत राहिल्या.

यात आम्हांस परके काहीच वाटत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्या आघातानंतर त्यांनी देहूतील विठ्ठलाचे मोडकळीस आलेले देऊळ सावरावयास घेतले. घर पडलेल्या माणसाने देऊळ बांधावे, आईबाप हरवलेल्या लेकीने परक्यांच्या लेकी सांभाळाव्या, होडी फुटलेल्याने फळ्या निवडाव्या. विश्वास म्हणजे काय, ते व्याख्येपेक्षा येथे अधिक कळते.

आणि आता आमची स्वतःची चूक सांगतो. फयाननंतर एका मातेच्या घरी आम्ही गेलो होतो. तिचा मुलगा समुद्रावरून परतला नव्हता. आम्ही प्रारब्धावर अर्धा घटका बोललो. वचने दिली, दाखले दिले. ती माउली ऐकत राहिली आणि पुढे देवळात यावयाची थांबली. ख्रिस्ती शास्त्रात ईयोबाची कथा आहे. त्याचे सर्वस्व गेल्यावर तीन मित्र भेटीस आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले आणि नंतर, तुझ्याच पापाचे हे फळ, असे सांगू लागले. कथेच्या अखेरीस देव रागावतो तो त्या मित्रांवर. कण्हणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. ती कथा वाचली तेव्हा आम्हांस त्या मातेचे घर आठवले. पहिल्या सात दिवसांत ते मित्र खरे धर्मज्ञ होते. बोलू लागले आणि चुकले. आम्ही तर बसण्याआधीच बोललो होतो. कर्मसिद्धान्त खरा असेल. पण तो स्वतःस सावरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या जखमेवर ठेवण्यासाठी नाही.

म्हणून या पौर्णिमेस आमचे नम्र सांगणे इतकेच. देवळाच्या ज्या ध्वनिक्षेपकावरून आरतीची वेळ सांगतो, त्यावरून हवामानाची सूचनाही सांगावी. ती देवाच्या कामाबाहेरची नव्हे. ज्याची होडी गेली, त्याच्या भरपाईचा अर्ज लिहून देण्यास शिकलेल्या मुलांनी पुढे यावे. पंचनामा, शिक्का, खेटे यांत गरीब माणूस वादळापेक्षाही अधिक थकतो. बंदरांची कामे, धूपप्रतिबंधक बंधारे यांविषयी शासनास प्रश्न विचारावे. दैवावर विश्वास ठेवणारा माणूस प्रश्न विचारीत नाही, हा समज खोटा आहे. आणि दुःखाच्या घरी जाताना उत्तरे घेऊन जाऊ नये. शिजविलेला भात घेऊन जावे आणि बसावे.

सागरास नारळ वाहतो तो त्याची किंमत चुकती करण्यासाठी नव्हे. पुढच्या वर्षी वादळ येणार नाही, असा करारही त्यात नाही. आम्ही मनुष्ये पाण्यात जाणार आहोत, तू बरोबर राहा, एवढेच त्यात मागणे आहे. मग तो नारळ किल्ल्यावरून पडो की जेटीवरून. त्या वृद्धाने पुढे नवी होडी घातली. ती पाण्यात लोटताना हात लावावयास आमच्या वाडीची माणसे गेली होती. आम्हीही गेलो होतो.