विज्ञान लिहून घर चालतं का?

दहावीच्या वर्गात मागच्या महिन्यात मी मुलींना विचारत होतो, पुढं काय करायचं ठरवलंय? उत्तरं नेहमीचीच होती. नर्सिंग, डीएड, पोलीस भरती, आणि ज्यांचे मार्क चांगले त्यांचं 'नीट'. एक मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, "सर, मुझे सायन्स पसंद है, लेकिन डॉक्टर नहीं बनना. सायन्स पे लिखना है. ऐसा काम होता क्या?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "उससे घर चलता क्या?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि ते हसणं नंतर दोन दिवस मला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि फळ्यावर एक नाव लिहिलं: निरंजन घाटे. पोरी पुन्हा हसल्या. "सर, नाम में ही घाटा है!" उर्दू माध्यमाच्या पोरींना मराठी आडनावावर असा विनोद सुचणारच. मी म्हटलं, हसून घ्या, मग ऐका.

घाटे भूशास्त्रात एमएस्सी झालेले, पुण्यात राहणारे. काही वर्षं आकाशवाणीत नोकरी केली. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार, पुढं पेन्शन. आपल्याकडं अशी नोकरी लागली की मोहल्ल्यात मिठाई वाटतात. या माणसानं ती सोडली आणि लिहून जगायचं ठरवलं. वर्तमानपत्रं, मासिकं, दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं, विज्ञानकथा, शास्त्रज्ञांची चरित्रं, युद्धांच्या हकिकती, पर्यावरण असं सगळं ते लिहीत गेले. त्यांच्या नावावर आज दीडशेहून जास्त पुस्तकं आहेत. त्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' समकालीन प्रकाशनानं काढलेलं आहे. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात ते मी विकत घेतलं. (त्या संमेलनात निमंत्रण देऊन परत घेण्यावरून जे झालं त्यावर पुष्कळ लिहून झालंय. माझ्यापुरतं संमेलन म्हणजे ते पुस्तक.) रद्दीच्या दुकानांतून आणि फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं, मासिकं गोळा करायची, घरी नेऊन वाचून काढायची आणि त्यातून मराठी वाचकाला काय सांगता येईल ते पाहायचं, हा त्यांच्या आयुष्याचा क्रम त्यात दिसतो. इंटरनेट नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याची प्रयोगशाळा म्हणजे रद्दीवाल्याचं दुकान.

घाट्यांचं लेखन सगळं सारखं नाही. एवढं लिहिणाऱ्याचं काही घाईत झालेलं असतंच, आणि ते वाचताना कळतं. पण तालुक्याच्या वाचनालयात विज्ञानाचं कपाट उघडा. निम्मं कपाट जे चार-पाच लोक भरतात त्यांत घाटे असतातच. दारव्हा, दिग्रस, उमरखेडच्या पोराला जगातल्या संशोधनाची पहिली बातमी अशाच कपाटातून लागलेली आहे. मलाही तशीच लागली.

आता कुणी म्हणेल, मराठीत विज्ञान लिहिणारे मोठे लोक आणखी आहेत की. आहेत. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं, म्हणजे परीक्षकांनी नाव पाहून बक्षीस देऊ नये. पहिलं बक्षीस मिळालं. पुढं 2021 च्या नाशिकच्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, त्या पदावर बसलेले पहिले शास्त्रज्ञ. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात होते, मग 'सायन्स टुडे'चे संपादक झाले. या दोघांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांच्या पाठीशी संस्था होती. नारळीकरांनी कथा लिहिली नसती तरी पहिल्या तारखेला पगार झालाच असता. घाट्यांनी लेख लिहिला नाही तर त्या महिन्यात लेखाचे पैसे नाहीत. लिहिला तरी छापून येईपर्यंत नाहीत, आणि छापून आल्यावरही मानधन कधी येईल ते संपादकाच्या मर्जीवर. पीएफ नाही, वैद्यकीय रजा नाही. आम्ही शिक्षक पगार आठ दिवस उशिरा झाला तर स्टाफरूम डोक्यावर घेतो!

म्हणून मला वाटतं की विज्ञानावर लिहिण्याला छंद म्हणणं बंद केलं पाहिजे. ते काम आहे. ते कुणी पूर्णवेळ केलं नाही तर काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे.

2017 चा पावसाळा संपता संपता यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात कपाशीवर फवारणी केलेले शेतकरी आणि मजूर भरती व्हायला लागले. उलट्या, डोळ्यांची आग, धूसर दिसणं, घाम, श्वास कोंडणं. वीसहून जास्त लोक गेले आणि शेकड्यांनी दवाखान्यात पडले. पऱ्हाट्या डोक्याएवढ्या वाढलेल्या, हवेत दमट उष्मा, पाठीवर पंप, अंगात साधा शर्ट, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र केलेली. आपण त्याला 'औषध' म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो. त्यातली काही द्रव्यं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची असतात. आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात तो एका रसायनाच्या मार्फत, आणि हुकूम पोचला की ते रसायन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. हे विष त्या एन्झाइमलाच बांधून टाकतं. मग हुकूम थांबतच नाही. लाळ, घाम, पाणी वाहत राहतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे पोटात जायची गरज नसते. कातडीतून आणि श्वासातूनही जातं.

डब्यावर रंगीत खूण असते. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे. हे मी कितीतरी पालकांना विचारलंय. निम्म्याहून जास्त लोकांनी हिरवा म्हणजे 'चालतं' असंच सांगितलं. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी माणसं हंगामात फवारणीच्या मजुरीला जातात. उर्दूत तर त्या डब्यावर एक अक्षर नसतं, आणि मराठीत असतं ते वाचायला भिंग लागतं.

त्या वेळी बातम्या खूप आल्या. आकडे आले, नेते आले, चौकशी समिती आली. पण विष शरीरात काय करतं, दोन विषं मिसळली की काय होतं, शर्ट भिजला तर तो तिथल्या तिथं काढून अंग साबणानं का धुवायचं, हे साध्या मराठीत बसून लिहिणारा माणूस कोणत्या जिल्हा आवृत्तीकडं होता? बातमीदाराकडं पोलीस स्टेशन, कलेक्टर ऑफिस आणि झेडपी अशी तीन कामं असतात, त्यात विज्ञान कुठून आणणार? पारीसारख्या ठिकाणी या प्रकरणावर सविस्तर लिहिलं गेलं, ते स्वतंत्रपणे गावोगाव फिरणाऱ्या पत्रकारांमुळं.

दुसरा प्रसंग माझ्या शाळेतला. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम आली, 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी. आठवड्याभरात व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं की या सुईनं मुलींना पुढं औलाद होत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी पालकांनी नकार कळवला. एक चाचा माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "सर, आप तो अपने हो, सच बताओ." मला खरं माहीत होतं, पण सांगायला शब्द नव्हते. रुबेला गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाचं हृदय, डोळे, कान बिघडतात, म्हणजे ही लस उलट औलादीच्याच रक्षणासाठी आहे, हे वाक्य मला एका मराठी लेखात सापडलं. रात्री बसून उर्दूत उतरवलं आणि शुक्रवारी नमाजनंतर वाचून दाखवलं. सगळे राजी झाले असं नाही. चाचा झाले. त्यांच्या दोन्ही नातींना लस मिळाली.

आपल्या जलशांमध्ये इब्न अल-हैसमचं नाव फार अभिमानानं घेतात. प्रकाशावर हजार वर्षांपूर्वी त्यांनी केलेलं काम, किताबुल मनाझिर, हे सगळं बरोबर आहे. पण जुने चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात, ती कुणी सांगत नाही. कैरोत हा मोठा आलिम पोटासाठी युक्लिड आणि टॉलेमीच्या ग्रंथांच्या नकला उतरवून विकायचा. त्या नकलांच्या पैशावर वर्ष काढायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचा. म्हणजे तोही एका अर्थानं मानधनावरच जगला. विज्ञान लिहून त्याचं घर चाललं, कारण विकत घेणारं कुणीतरी होतं.

आपण घेतो का? 1928 साली पुण्यातून 'सृष्टिज्ञान' सुरू झालं. त्याच साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूनं 'सायन्स' नावाचं त्रैमासिक काढलं, आणि तेव्हा अंजुमनचं मुख्य ठाणं औरंगाबादेत होतं. म्हणजे आजच्या महाराष्ट्रात दोन्ही भाषांचा गाडा एकाच वर्षी जुंपला गेला होता. दिल्लीहून मोहम्मद असलम परवेज यांनी 1994 पासून उर्दू 'सायन्स' मासिक चालवलं. आपल्या जिल्ह्यात त्याचे वर्गणीदार किती असतील? मी स्वतः दोन वर्षं होतो, मग नूतनीकरण राहून गेलं. लग्नात मंडपावर लाख रुपये घालणारी माणसं आपल्यातच आहेत, आणि मासिकाची वर्गणी जास्त वाटणारा मीही आपल्यातलाच आहे.

माझं म्हणणं एवढंच की हे काम फुकट मागू नका. शाळेच्या वाचनालयाला दरवर्षी थोडी का होईना रक्कम असते, त्यातून गाइडं घेण्याऐवजी विज्ञानाची चार मराठी-उर्दू पुस्तकं घ्या. मोहल्ल्यातल्या ज्या संस्था गुणवंतांना ट्रॉफ्या देतात, त्यांनी एका ट्रॉफीऐवजी एका लेखाचं मानधन द्यावं. दोन भाषा येणारी आपली मुलं या कामाला सगळ्यात योग्य आहेत. मराठीतलं उर्दूत आणि उर्दूतलं मराठीत नेणारा माणूस ना मुंबईत मिळतो, ना पुण्यात सहज मिळतो. तो पुसदला मिळतो, आर्णीला मिळतो.

त्या मुलीला मी एक काम दिलं. घरी फवारणीचा डबा असेल तर त्यावरचं सगळं, भिंग लावून, एका पानात मराठीत आणि एका पानात उर्दूत लिहून आण. डब्याला हात लावायचा नाही, अब्बांना धरायला सांगायचं. चार दिवसांनी तिनं दोन पानं आणली. उर्दूच्या पानावर तिनं हिरव्या खुणेजवळ लिहिलं होतं की हा रंग झाडाचा नाही, विषाचाच आहे. मी ती पानं झेरॉक्स करून कृषी केंद्रवाल्याकडं नेली. त्यानं दुकानाच्या दाराला चिकटवली आणि विचारलं, "सर, कोणाला पैसे द्यायचे का याचे?"

मी पन्नास रुपये घेतले आणि तिला नेऊन दिले. मागच्या बाकावरची ती दुसरी पोरगी आता विचारत होती की पंपाच्या नोझलवर लिहिलं तर किती मिळतील.